हललेलं चित्र

१२ फेब्रुवारी

ठोकळ्या,

या नावाने हाक मारली म्हणून पत्र लगेच फाडू नकोस. नाव बाबांनी ठेवलेलं आहे, मी नाही. मला ते भिंगरी म्हणायचे आणि मी जन्मात कधी तक्रार केली नाही. तू फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागदावर आले. उभं आयुष्य नकाशे काढण्यात घालवलंस, तेव्हा कागदावरचं काही न वाचता टाकून देणं तुझ्या हातून होणार नाही, एवढ्या भरवशावर लिहिते आहे.

भांडण उकरून काढायचं नाही. काम आहे. इथल्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत जुळ्यांच्या मेंदूचा अभ्यास चाललाय. साठी ओलांडलेली, एकसारखी दिसणारी जुळी त्यांना हवी आहेत. डोक्याचे एमआरआय काढतात, वर्षाने पुन्हा काढतात आणि बघतात की कोणाचा मेंदू वयाबरोबर झिजतो, कोणाचा ठणठणीत राहतो, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दोघांत फरक पडला तर तो कशाने. आजारी माणसांसाठी नाही हे, धडधाकट माणसांसाठी आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या दुकानात चष्म्याची दांडी बसवायला आल्या होत्या. गल्ल्यामागे आपला फोटो आहे ना, एकसारखे फ्रॉक घातलेला, तू सरळ उभी आणि मी अर्धी फोटोच्या बाहेर. तो पाहून त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं फोटोच विकत मागतात. मी तिथल्या तिथे नाव दिलं. तुझंही दिलं. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारणार कोणाला? तू तोंडात मूग धरून बसलेली.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. ये, बोगद्यात पड, जा. माझ्याकडे उतरलंच पाहिजे असं नाही. माझ्याशी बोललंच पाहिजे असंही नाही. मला स्वतःला काही झालेलं नाही, मी अगदी ठणठणीत आहे, केवळ विज्ञानाला मदत म्हणून जाते आहे. कळव.

भिंगरी

ता. क. मला खरंच काही झालेलं नाही.

५ मार्च

ठोकळ्या,

उत्तर नाही. मीही तशी फार वाट पाहिली नाही. रोज पोस्टमनच्या वेळेला दुकानाच्या पायरीवर येते, ती हवा खायला.

तू येणार नाहीस हे गृहीत धरून तुला सगळं सांगते, म्हणजे आलीस तर घाबरायला नको. आधी अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावतात. डूल, केसांतले आकडे, घड्याळ आणि चष्मा. चष्मा काढला की मी आंधळी, हे तुला माहीत आहे, तूही तेवढीच आंधळी. मग एका अरुंद फळीवर निजवतात, कानांत बोळे, कानांवर जाड कप, तोंडापुढे पिंजऱ्यासारखी जाळी, आणि फळी आत सरकते. मग सुरू होतो आवाज. शेजारच्या घरात कोणी फरशी उखडावी तसा ठोकठोक, मध्येच भोंगा, मध्येच सगळं शांत. आणि अट एकच, हलायचं नाही. मिशीएवढंही नाही, असं तो यंत्रवाला म्हणाला. त्याला मोठी मिशी आहे, म्हणून म्हणाला असेल.

आता मला सांग, मी आणि हलायचं नाही! शाळेत तुला बक्षीस म्हणून खिडकीजवळ बसवायचे आणि मला शिक्षा म्हणून बाईंच्या टेबलाशी. आत गेले की नाकाला खाज सुटते. मग गिळावंसं वाटतं. मग वाटतं दुकानाचं कुलूप नीट लागलं की नाही. डोकं हलवत नाही गं मी, पण ते हलतं. पहिल्यांदा गेले तेव्हा चित्र हललं. परवा पुन्हा बोलावलं, पुन्हा हललं. यंत्रवाला शांत माणूस आहे. म्हणाला, "कोणी बरोबर असेल तर आत बसवतो आम्ही, घोट्यावर हात ठेवून. बऱ्याच जणांचं हलणं त्याने थांबतं." मी म्हटलं, बरोबर कोणी नाही. घरात मी आणि खाली दुकान, बस.

बाहेर कपडे बदलताना दार किलकिलं होतं. डॉक्टरीणबाई त्याला विचारत होत्या, ही वरची साल एवढी पातळ कशी दिसते? त्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. साल म्हणजे मेंदूवरचा तो राखाडी थर, हे मला नंतर कळलं, त्यांनाच आडून विचारल्यावर. माझी साल पातळ आहे असं काही त्या तोंडावर म्हणाल्या नाहीत. अभ्यासात एकेकाला निकाल सांगत नाहीत. एवढंच म्हणाल्या की बहीण एप्रिलअखेर आली नाही, तर माझंही नाव काढावं लागेल. त्यांना जोडी हवी. एकटी चप्पल घेऊन त्या काय करणार?

तू मनात म्हणशील, ही अजून त्याच गोष्टीवर अडून बसली आहे. नाही. आईने आपल्या दोघींना एकदम खोलीत पाहिलं आणि किंचाळून कप फेकला, त्यात तुझी चूक नव्हती. आपण जुळ्या हे ती विसरली होती आणि समोर एकाच तोंडाच्या दोन उभ्या. एक खरी आणि एक तिचं तोंड लावून आलेली चोर. तिच्या जागी मीही कप फेकला असता. एका वेळी एकीनेच तिच्यासमोर जायचं, हे आपण दोघींनी ठरवलं होतं, हेही मला आठवतं. पण एका वेळी एक म्हणजे कायम मीच, असं कुठे ठरलं होतं? हे मी तिला पोचवून आल्यावर चार लोकांत म्हणाले. चार लोकांत म्हणायला नको होतं असं तुला वाटत असेल. मला अजूनही तसं वाटत नाही.

भांडण उकरायचं नाही म्हणून सुरुवात केली होती. हे बघ, इथेही माझं डोकं हललं.

भिंगरी

२८ मार्च

ठोकळ्या,

आता खरं लिहिते. उभ्याने लिहिते आहे, बसवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी दोन गिऱ्हाइकांच्या काचा अदलाबदल केल्या. एक निवृत्त बसचालक, आणि एक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याच्या फ्रेममध्ये तिचा नंबर, तिच्या फ्रेममध्ये त्याचा. इतकी वर्षं दुकान चालवते आहे, बाबांच्या हाताखाली शिकले, असं एकदाही झालं नव्हतं. तो दुकानात आला तो पाय उचलून उचलून, चिखलातून यावा तसा. म्हणाला, "बाई, तुमच्या चष्म्याने सगळ्या फरशा चढावर गेल्यात हो." मला हसू फुटलं. तोही हसला. त्याला बसवलं, काचा काढल्या, बदलून दिल्या. तो गेला आणि मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिले.

चूक कोणाकडूनही होते, असं मी स्वतःला पढवलं. मग एक दिवस हातात बारीक पेचकस होता, आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना. हातात असून. मदतनीस बाईला म्हटलं, ते दे गं दुसरं, ते फिरवायचं. तिने दिलं. तिला काहीच वाटलं नाही. मला घाम फुटला.

आईची सुरुवात कशी झाली, आठवतं तुला? "ते"पासून झाली. ते आण, त्याच्यात ठेव, त्याला सांग. आपण चेष्टा करायचो तिची. बाबा म्हणायचे, तुमच्या आईने नामं सोडली, आता सर्वनामांवर संसार चालवते. सगळे हसायचो. तीही हसायची. ती हसत होती तेव्हा तिला काय वाटत असेल, हा विचार मला आता येतो.

तेव्हा विज्ञानाला मदत वगैरे सोड. मला कळून घ्यायचं आहे. माझं डोकं आईच्या वाटेने निघालंय की नुसतं म्हातारं होतंय? नेहमीच्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी सगळं बरोबर केलं आणि ते म्हणाले, काळजी करू नका. काळजी अशी सांगून जाते का? मी पाचही शब्द अजून पाठ म्हणते. अंघोळ करताना म्हणते, भाजी चिरताना म्हणते. गिऱ्हाईक समोर असताना मनात म्हणते आणि मग गिऱ्हाईक काय बोललं ते ऐकत नाही. म्हणजे विसरू नये म्हणून केलेल्या उपायानेच मी बाकीचं विसरते.

अभ्यासात एकेकाला निकाल सांगत नाहीत हे खरं. पण मी दर वर्षी तिथे गेले, डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, तर मला कळेल. माणसांच्या तोंडाकडे बघण्यातच माझं आयुष्य गेलं. नाव मात्र राहायला हवं. आणि त्याला तू हवीस.

ये गं. रागाने ये, पण ये.

भिंगरी

१९ एप्रिल

ठोकळ्या,

तू आलीस. म्हणजे कागदोपत्री आलीस. चिडायच्या आधी पुढचं वाच.

मी तुझ्या नावाने फोन केला. आवाज आपला एकच, फक्त मी मध्ये मध्ये थांबले. म्हटलं, मी दुसऱ्या गावाहून येते, बहिणीची आणि माझी गाठ पडू देऊ नका, आमचं पटत नाही. हे वाक्य म्हणायला मला काही नाटक करावं लागलं नाही. त्यांनी वार दिला.

केसांचा घट्ट अंबाडा घातला, तो तुझा करडा आहे तसला साधा सदरा घातला, आणि रस्त्याने तुझ्यासारखी चालत गेले. किती हळू चालतेस गं तू! माझ्या पुढून एक कुत्रा निघून गेला आणि वळून बघायला लागला. ओळखपत्र राहिलं म्हटलं. तिथल्या मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, ओळखपत्र तर तुमच्या तोंडावरच आहे. जन्मतारीख तीच, आईबाप तेच. डावखुऱ्या का, या प्रश्नाला हो म्हटलं आणि सही डाव्या हाताने केली. ती सही कोंबडीने केल्यासारखी आली, पण त्यांनी ती घेतली. घरात कोणाला विसरण्याचा आजार होता का? हो, आईला. तुम्ही सांभाळलंत का? इथे मी अडले. मग तुझ्यासारखी नुसती मान हलवली. कोणती मान, होकाराची की नकाराची, ते तिने तिच्या मनाने लिहिलं असेल.

आणि आता खरी गंमत. आत गेले आणि मी हलले नाही.

फळी सरकली, ठोकठोक सुरू झाली, नाकाला खाज सुटली. मी मनाशी म्हटलं, खाज भिंगरीला सुटते, मी ठोकळा आहे. तू नकाशावर नदी काढायचीस ते आठवलं. नदीची रेघ एका दमात ओढायची म्हणून तू श्वास धरायचीस आणि मी दारात उभी राहून तुझ्याऐवजी गुदमरायची. तसा श्वास बारीक केला. डोळ्यांपुढे ती नदी धरली आणि तिच्याबरोबर गेले. यंत्र थांबलं तेव्हा मला वाटलं, बिघडलं. तर झालं होतं सगळं. यंत्रवाला स्वतः आत आला, म्हणाला, "इतकं स्थिर कोणी राहत नाही. बहिणीला जरा शिकवा." मी तुझ्यासारखं अर्धं हसले आणि निघाले.

तुला वाटेल, हिला लाज कशी वाटली नाही. अगं, तुझ्या नावाने ओ द्यायची सवयच आहे मला. त्या कपाच्या दिवसानंतर आईने मला माझ्या नावाने हाक मारलीच नाही. ठोकळ्या, पाणी. ठोकळ्या, पडदा ओढ. ठोकळ्या, ती भिंगरी कुठे उंडारते आहे, तिला घरी बोलाव. आणि मी म्हणायची, येईल आई, येईल. स्वतःच्या येण्याची वाट पाहत मी तिच्याजवळ बसायची. पहिल्या पहिल्यांदा दुरुस्त करायला जायची, तर ती रडवेली व्हायची. मग सोडून दिलं. तिला तू हवी होतीस, मी तू झाले. मला याचा राग आला होता, आणि तो मी तुझ्यावर काढला. तिच्यावर काढता येत नव्हता.

असो. नाव राहिलं. जोडी पुरी झाली.

भिंगरी

३० एप्रिल

ठोकळ्या,

पकडले गेले.

डॉक्टरीणबाईंनी फोन करून बोलावलं. खोलीत पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती, एक धूसर आणि एक लख्ख. मला वाटलं अभिनंदन करतील. त्यांनी ती दोन्ही एकावर एक सरकवली. चित्रं एकमेकांत अशी बसली की दोन होती हे कळूच नये.

"चेहरा सारखा असतो," त्या म्हणाल्या, "मेंदूच्या घड्या नसतात. जुळ्यांच्याही नसतात. हे एकाच बाईचं डोकं आहे."

ठोकळ्या, हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होते की वरून एकसारख्या म्हणजे आतूनही. आईच्या पोटात एका जागी वाढलो, तरी तुझी घडी वेगळी पडली आणि माझी वेगळी. कोणाला सांगितलं तर ते म्हणतील, यात रडण्यासारखं काय आहे? मी तिथे त्यांच्या खुर्चीत बसून रडले.

आधी त्या खूप रागावल्या. बरोबर रागावल्या. दुसऱ्याच्या नावाने संमती देणं हा काय खेळ आहे का? तुझ्या नावावरची नोंद पुसली. माझं नावही काढणार होत्या. मग मी पेचकसापासून सगळं सांगितलं, आणि त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि माझं नाव तूर्त राहू दिलं.

त्या म्हणाल्या, तुमची आधीची दोन्ही चित्रं बाद होती. डोकं हललं की साल असते त्याहून पातळ दिसते, त्यावरून काहीच म्हणता येत नाही. म्हणजे मी इतके दिवस ज्या पातळ सालीवर झोप उडवून घेतली, ती माझ्या नाकाच्या खाजेने पातळ झाली होती! मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या स्पष्ट चित्रात साल ठीक आहे. पण कानाच्या आतल्या बाजूला, खोल, दोन्हीकडे करंगळीएवढा एक भाग असतो, नव्या आठवणी तिथे रुजतात. तुमचा तो जरा लहान वाटतो. लहान म्हणजे झिजलेला, असं नाही. काहींचा जन्मापासून लहान असतो. आधीचं चित्र असतं तर कळलं असतं. ते नाही, म्हणून वर्षभर थांबायचं आणि पुन्हा काढायचं.

मी विचारलं, वर्षभर न थांबता कळायचा काही मार्ग?  त्या म्हणाल्या, खात्रीचा नाही, पण अंदाजाचा आहे. हा भाग जुळ्यांत बराच सारखा भरतो. बहिणीचा तेवढाच असला तर ती तुमची ठेवण. बहिणीचा मोठा असला तर आपल्याला लक्ष ठेवावं लागेल.

मी चष्मेवाली आहे. एक काच डोळ्यापुढे धरून माणसाला विचारलं, बरं दिसतं का, तर तो काहीही सांगतो. दुसरी काच लावून विचारावं लागतं, ही बरी की आधीची? तेव्हा कुठे नंबर सापडतो. माझी दुसरी काच तू आहेस. जगात दुसरी कोणी नाही.

तुला आग्रह करायचा नाही, असं त्यांनी मला निक्षून बजावलं आहे. ज्याने त्याने आपल्या मनाने यावं, असा नियम आहे. म्हणून मी आग्रह करत नाही. नुसतं लिहिते.

भिंगरी

२१ मे

भिंगरी,

काल जाऊन आले. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू स्टेशनावर आली असतीस.

मी आत जाताच यंत्रवाल्याने माझं ओळखपत्र मागितलं, दोनदा पाहिलं, मग मला सही करायला लावली आणि कुठल्या हाताने करते ते पाहत उभा राहिला. तुझी कीर्ती आहे तिथे.

माझं चित्र हललं. दोनदा केलं, दोन्हीदा हललं. मी आजवर कधी हलले नव्हते.

आईकडे मी येणं सोडलं नव्हतं. दर रविवारी यायचे. तुमच्या समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभं राहिलं की तिची खिडकी दिसायची. तू बाहेर पडलीस की वर जायचं, असं ठरवून यायचे. तू बाहेर पडायची नाहीस. एकदा तिने मला हाक मारली. खिडकी उघडी होती, रस्त्यापर्यंत ऐकू आली. मी ओ देणार होते, तर आतून माझ्याच आवाजात कोणी ओ दिली. आणि ती शांत झाली. मग मला वाटलं, ती शांत आहे, आता दुसरी दिसायला नको. त्यानंतरही यायचे. वर यायचं धाडस झालं नाही. हे तुला चार लोकांत सांगता आलं नाही आणि नंतर कसं सांगायचं ते कळलं नाही.

त्या बोगद्यात आवाज थांबला की ती हाक आठवत होती.

पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय, अकरा वाजता. एकटीने जमणार नाही.

ठोकळा

९ जून

ठोकळ्या,

फोनवर सांगितलं असतं. आता उचलतेस, पहिल्या घंटेला उचलतेस, ते मी पाहते आहे. पण फोनवर तू गप्प बसतेस आणि ते गप्प बसणं मला ऐकू येतं. म्हणून पुन्हा कागद. शिवाय तू इथे चार दिवस राहून माझ्या दुकानातल्या सगळ्या डब्या नंबरवार लावून गेलीस, त्यात मला आता काही सापडत नाही, ही तक्रार लेखी हवी.

त्या मंगळवारचं आपण दोघी काहीच बोललो नाही. मी बोलते. तू आत सरकलीस, मला फक्त तुझे पाय दिसत होते. मी स्टुलावर बसून तुझ्या घोट्यावर हात ठेवला. घोटाही तोच गं, डावीकडे जरा पुढे आलेला. ठोकठोक सुरू झाली तसा तुझा पाय थरथरला, आणि मला काय करावं सुचेना. तोंडाने काही बोललेलं तुला ऐकू जाणार नव्हतं. मी अंगठ्याने तुझ्या पायावर रेघ ओढायला लागले. वाकडी, हळू, एका दमात, नदी काढतात तशी. तुझा पाय शांत झाला. माझाही जीव शांत झाला, एवढा वेळ एका जागी मी आयुष्यात बसले नव्हते. यंत्रवाल्याने काचेतून अंगठा दाखवला.

आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. तू "माझं तिला सांगा" म्हणून सही करून गेलीस, म्हणून त्यांनी सांगितलं.

तुझा मोठा आहे. बराच मोठा, दोन्हीकडचा. वाटणीत मोठा वाटा तुलाच, लहानपणापासून तेच. तुझं डोकं छान आहे, ठोकळ्या. त्यांनी ते हसून सांगितलं आणि मग माझ्याकडे वळताना त्यांचं हसू थांबलं. तोंड वाचता येतं मला.

त्या म्हणतात, एका चित्रावरून आजाराचं नाव घ्यायचं नसतं. अजून तपासण्या आहेत, रक्त आहे, बोलण्याच्या परीक्षा आहेत. लवकर कळलं तर करण्यासारखंही बरंच असतं, असंही म्हणाल्या, आणि ते समजूत काढण्यापुरतं वाटलं नाही. वर्षाने दोघींनी पुन्हा यायचं आहे. मी सगळं ऐकलं. पण दोन काचा लागोपाठ माझ्यापुढे धरल्या गेल्या आणि मला फरक दिसला. आता उगाच बरं दिसतं म्हणणार नाही.

मी फार घाबरले आहे. हे दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं.

दुकानात आजपासून प्रत्येक काच मदतनीस बाई तपासणार आणि मगच गिऱ्हाइकाला जाणार. पेचकसाला पेचकस म्हणतात. तेवढं अजून आहे. घराची एक किल्ली या पाकिटात घातली आहे, ती हरवू नकोस, हरवायचं काम आता माझ्याकडे.

आणि एक. तू म्हणालीस, लागलं तर येऊन राहीन. मी तेव्हा हो नाही काही म्हटलं नाही, चहा ठेवायला उठले. आता म्हणते. ये. पण आधी ऐकून ठेव. एखादा दिवस असा येईल की तू दारात उभी राहशील आणि मी किंचाळेन. माझंच तोंड लावून कोणी आलंय म्हणून कप फेकीन. तेव्हा परत जाऊ नकोस. औषधाच्या दुकानापाशी उभी राहू नकोस. घरातले आरसे काढून ठेव, कप उचल आणि आत ये. तुझ्याकडे बघून मला कोण दिसेल ते आत्ताच सांगता येत नाही. चष्मा काढलास की तू हुबेहूब आईसारखी दिसतेस, त्या मंगळवारी फळीवर निजवलं तेव्हा मी दोनदा वळून पाहिलं. तेव्हा मी तुला आईच म्हणेन, असं मला वाटतं.

म्हटलं, तर दुरुस्त करू नकोस. ओ दे. मी दिली होती.

तुझी
भिंगरी